चाकाला बांधलेला दोरा

१

“सुभद्राजी, आप तो जानती ही हैं,” असं डायरेक्टर साहेबांनी सुरू केलं की समजायचं, कुणाची तरी नोकरी जाणार आहे आणि त्या कागदावर सही माझी लागणार आहे.

मी डॉक्टर सुभद्रा वानखेडे, मूळची भंडाऱ्याची. लखनौच्या या इस्पितळात पॅथॉलॉजी सांभाळते, म्हणजे माणसातून कापून काढलेल्या वस्तू मायक्रोस्कोपखाली बघते. चौकशा माझ्याच गळ्यात का पडतात, तर मी कुणाच्या लग्नाला जात नाही आणि मला कुणी बोलावतही नाही. वशिला नाही, गट नाही, आणि माझे पेशंट कधी तक्रार करत नाहीत. एवढ्यावर मला निःपक्षपाती ठरवलंय. पगार तेवढाच.

त्र्याऐंशीचा जानेवारी होता. धुकं असं की अमौसीला विमानं उतरत नव्हती, आणि अलीगंजहून इस्पितळात येईपर्यंत रिक्षावाल्याने मला दोनदा चुकीच्या गल्लीत घातलं होतं. पाय बर्फ झालेले. चहा मिळेल म्हणून मी साहेबांच्या खोलीत गेले, तर मिळाली चौकशी.

हकिगत अशी. लता घोरपडे, वय सव्वीस, साताऱ्याकडची. नवरा जयसिंग विमानदलात सार्जंट, बख्शी का तालाबच्या तळावर. बाईची नजर जात चालली होती, म्हणून फौजी डॉक्टरांनी आमच्याकडे पाठवली. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसांना दाबणारी पाण्याची गाठ निघाली. आमचे मेंदूचे सर्जन डॉ. सतीश निगम यांनी ती काढली. बाई शुद्धीवर आली, बोलली, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसतंय म्हणून रडली. सगळं झकास. आणि आठवड्याच्या आत, आज सकाळी, तीच बाई मुकी होऊन पडली होती. उजवा हात मेलेला. शेजारी सलाईनची बाटली ठणठणीत रिकामी, जी दुपारपर्यंत पुरायला हवी होती.

“नाइट सिस्टरने बाटली भरभर सोडली आणि झोपली,” साहेब म्हणाले. “ब्रेन सूज गया. निगम सांगतोय ना. तुम्ही फक्त लिहून द्या. नवरा फौजी आहे, वरपर्यंत जाईल. संध्याकाळी पोलिसांत द्यावं लागेल.”

“आणि पेशंट?”

“निगमने पाणी बंद केलंय. सूज उतरवायचं औषध चालू आहे. उतरली तर ठीक, नाहीतर हात गेला, बोलणं गेलं. शायद जान भी.”

“सिस्टर कोण होती?”

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. “कमल. कमल रामटेके. आपके उधर की ही है ना?”

आमच्याकडचीच होती. बुद्ध जयंतीला आमच्या दहा-बारा घरांचा जो मेळावा भरतो, त्यात खिरीचं पातेलं तीच सांभाळते. आता मी तिला दोषी ठरवलं तर साहेब सुटले, आणि निर्दोष ठरवलं तर जातवाल्या बाईला वाचवलं म्हणायला सगळे मोकळे. वा रे निःपक्षपात!

२

कमल मेट्रनच्या खोलीत स्टुलावर बसली होती. गणवेशाची साडी चुरगळलेली, डोळे सुजलेले. मला पाहून उठली. “जयभीम, मॅडम.”

“जयभीम. बस. काही खाल्लंस?”

“नाही. कुणी विचारलंच नाही.”

मी चहा मागवला. मग मी विचारलं, “झोपली होतीस?”

“नाही मॅडम.”

“कमल, मी पोलीस नाही. मी थकलेली बाई आहे. खोटं ऐकायचं तर ते नीट जुळवून सांग, नाहीतर खरं सांग.”

तिने पदर तोंडाला लावला. “डोळा लागला. पहाटेच्या जरा आधी. डबल ड्यूटी होती मॅडम, सुनीता छुट्टी पे थी, काल दुपारपासून मीच होते. टेबलावर डोकं ठेवलं आणि… हे लिहिलंत तर मी मेले. माझ्या पगारावर घर आहे, बाबा अंथरुणाला खिळलेत.”

“बाटली तू सोडलीस भरभर?”

“आईशप्पथ नाही! मी हळूच लावली होती, थेंबथेंब. निगम सरांची ऑर्डरच तशी. उठले तेव्हा बाटली रिकामी. मला वाटलं माझंच चुकलं असेल, चाक नीट फिरवलं नसेल. मी घाबरून बाटली काढली आणि मग लताताईकडे बघितलं, तर…”

माझ्यापुढे प्रश्न असा, की ही खरं बोलते असं माझं मन सांगत होतं, आणि माझ्या मनावर मला स्वतःलाच संशय घ्यावा लागत होता. आपल्या माणसावर विश्वास ठेवण्यात काय शौर्य आहे?

“ती बाटली आणि नळी कुठे आहे?”

मेट्रनने कपाटातून ट्रे काढला. पुरावा म्हणून जपला होता, पण पुराव्यात सगळ्यांनी पाहिली होती ती रिकामी बाटली. रिकाम्या बाटलीत बघण्यासारखं काय असतं? मी नळी हातात घेतली. सलाईनच्या नळीवर एक छोटं प्लॅस्टिकचं चाक असतं. ते वर सरकवलं की धार मोठी, खाली सरकवलं की थेंबथेंब. चाक अगदी वर, पूर्ण उघडं होतं.

आणि ते खाली घसरू नये म्हणून त्याला काळ्या दोऱ्याने घट्ट बांधून टाकलेलं होतं.

३

झोपेतली बाई चूक करते. ती दोरा शोधून गाठी मारत बसत नाही. म्हणजे बाटली कुणीतरी जाणूनबुजून, शांत डोक्याने उघडली होती.

वॉर्डात लताजवळ तिची सासू बसली होती, चंद्रप्रभाबाई. नऊवारी, कपाळभर कुंकू, वर सुनेचा स्वेटर. लखनौच्या थंडीला मनापासून शिव्या देत होती. मराठी ऐकल्यावर तिने माझा हातच धरला.

“डॉक्टरीणबाई, बघा की वो माझ्या पोरीकडं! कालपत्तूर बोलत हुती.”

मी लताकडे पाहिलं. डोळे उघडे, पण बोलायला गेली की नुसता श्वास. ओठ कोरडे, सालपटं निघालेली. डाव्या मनगटावर काळा दोरा. तो दोरा आणि मी खिशात घालून आणलेल्या नळीवरचा दोरा एकाच रिळाचे होते, त्यासाठी मायक्रोस्कोपची गरज नव्हती.

“हा दोरा तुम्ही बांधलात?”

“व्हय. गावाकडनं देवीचा आणलाय, रीळच्या रीळ. दवाखान्यात नजर लागती माणसाला.”

“रीळ कुठे असतं?”

“ह्या पिशवीत. का वो?”

“काल रात्री सुनेजवळ तुम्हीच होतात?”

“मी न्हाई. जयसिंग हुता. एकाच माणसाला राहू देत्यात.” तिचा आवाज चढला. “तुमी असं का इचारताय? मी काय केलं? ऑपरेशन नको म्हनत हुते, खरं हाय. डोक्याला चाकू लावायचा म्हंजे काय खेळ झाला? पर सून हाय ती माझी. आंधळी झाली तरी भाकरी मी घातली असती तिला!”

शेजारच्या खाटेवरची बाई डोकावून बघू लागली. मी चंद्रप्रभाबाईंना पाणी दिलं. ती जरा निवली आणि मग मी विचारलंच नव्हतं ते सांगू लागली. जे विचारलेलं नसतं, तेच बहुतेक कामाचं असतं.

“बाटलीनं झालं म्हंत्यात समदी. पर पोर बरी नव्हतीच की वो आधीपासनं. ऑपरेशन झाल्यावर दोन रोज हासत हुती. मग ताप. डोकं ठणकतंय म्हनायची. मान तर अशी लाकडावानी, उशीवर वळवता यायची न्हाई. मी त्या पोरसवदा डॉक्टरणीला सांगितलं. तिनं पाठीतनं पाणी काढून नेलं. पुढं काय?”

पाठीच्या कण्यातलं ते पाणी माझ्याच लॅबमध्ये आलं होतं. पू फार होता, जंतू एकही नव्हता. तसा रिपोर्ट आम्ही पाठवला होता, आणि निगमनी सवयीने अँटिबायोटिक वाढवलं होतं. जंतूशिवाय पू कशाला होईल, हा प्रश्न कुणी विचारला नाही. या इस्पितळात प्रश्न विचारायला कुणाला वेळ आहे?

पण तो मागाहूनचा विचार. त्या घडीला माझ्या डोक्यात एकच होतं, की दोरा सासूचा, आणि पिशवीपाशी रात्रभर एकटा नवरा.

४

जयसिंग सायकल स्टँडपाशी स्कूटर पुसत होता. धुक्यात, पुन्हा ओली होणारी स्कूटर. माणसाला हातांचं काय करावं कळत नाही तेव्हा तो असं काहीतरी करतो.

“सार्जंटसाहेब, तुमचं विमानदलात काम काय?”

“फिटर आहे मॅडम. एअरफ्रेम, म्हणजे विमानाचा सांगाडा.” तो सावध झाला.

स्कूटरच्या आरशाचा नट तारेने बांधलेला होता. तारेचे दोन पदर एकसारखे पिळलेले, आणि शेवटचं टोक आत वळवलेलं, म्हणजे बोटाला लागू नये. इतकं सुबक काम मी आमच्या सर्जनांच्या टाक्यांतही पाहिलं नव्हतं.

“हे असं का बांधलंय?”

“लॉकवायर म्हणतात. विमानाला हादरे बसतात, नट सैल होतो. म्हणून प्रत्येक नट बसवला की बांधायचा. बांधल्याशिवाय काम पुरं झालं असं धरतच नाहीत.” आपल्या कामाबद्दल बोलताना त्याचा चेहरा घटकाभर उजळला. “आता हात आपोआपच करतात, मॅडम. घरी नळाची चावीसुद्धा.”

मी खिशातून नळी काढली आणि चाकाचा दोरा त्याच्या पुढे धरला. दोरा दुहेरी, एकसारखा पिळलेला. टोक आत वळवलेलं.

तो खाली बसला, तिथेच, चिखलात. उंचापुरा माणूस, आणि पोरासारखा हुंदका आला त्याला.

“मी मारलं तिला मॅडम. मीच. आईला कसं सांगू? सगळे म्हणतात पाण्याने सूज आली. पाणी मी सोडलं.”

“आणि इल्जाम सिस्टरवर गेला तेव्हा तुम्ही गप्प.”

“तोंडच उघडेना. सकाळपासून स्टँडवरच आहे.”

राग आला मला. खूप राग आला. आत एक बाई उपाशी बसून पोलिसांची वाट बघतेय आणि हा इथे आरसा पुसतोय! पण रागवायलाही अंगात जोर लागतो, आणि मला आणखी एक गोष्ट विचारायची होती.

“का सोडलंत? असं एकाएकी काय सुचलं?”

“तिने हाक मारली. म्हणजे मारायला गेली, पण शब्द जड येत होता, दारू प्यायल्यासारखा. ओठ सुकलेले. मी कप तिच्या हातात दिला, तर उजव्या हातातून पडला. पुन्हा दिला, पुन्हा पडला. मला वाटलं पोरीच्या अंगात पाणीच उरलं नाही. वर बघतो तर बाटली थेंबथेंब. मग मी…”

“थांबा.” माझा थकवा एका क्षणात कुठल्या कुठे गेला. “कप आधी पडला? बाटली सोडायच्या आधी?”

“हो.”

“आणि शब्द जड झाला तो? तोही आधी?”

“हो मॅडम. म्हणून तर सोडली.”

म्हणजे हात बाटलीने गेलाच नव्हता. हात आधी गेला, बाटली नंतर उघडली. इस्पितळातले सगळे शहाणे सकाळपासून उलट्या बाजूने मोजत होते. आणि त्या हिशोबावर विसंबून वर लताच्या अंगातलं पाणी ओढून काढायचं काम जोरात चालू होतं. तिचा रोग भलताच असला, तर आम्हीच तिला मारत होतो.

५

डॉ. हेमा अस्थाना निगमांची ज्युनियर. रात्रीची जागरणं करून करून डोळ्यांखाली काळं झालेलं. ती ओटीबाहेरच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खोलीत शाल पांघरून थंड पराठा चावत होती. पोरगी हुशार, बोलणं अस्सल लखनवी.

“ऑपरेशनात काही बिघडलं होतं?” मी विचारलं.

“बिलकुल नहीं मैडम! बहुत सुंदर केस था.” तिचा चेहरा खुलला. “सरांनी गाठीत सुई घातली, पाणी सिरिंजमध्ये ओढलं आणि वर धरलं. क्या चमक थी, मैडम! जैसे मुकैश का काम.”

मुकैश म्हणजे इथल्या चिकनच्या दुपट्ट्यावर चांदीच्या टिकल्या भरतात ते. बाजूला बसलेल्या नयना सिस्टरनेही मान डोलावली. ओटीतली औजारं देणारी बाई ही, पंचवीस वर्षांची जुनी. “सगळ्यांनी पाहिलं. मागच्या बाकावरची शिकाऊ मुलं उभी राहिली. सर दरवेळी दाखवतात, त्यांच्या गुरूंची रीत आहे. म्हणतात, ऐसी चीज किताब में नहीं दिखती.”

“तू कुठे होतीस नयना?”

“मागे, ट्रॉलीपाशी.”

“इतक्या लांबून चमक दिसली?”

“साफ दिखी.”

या गाठीचं पाणी माझ्याकडे वर्षानुवर्षं येतं. बाटलीत ते जुन्या मशीनच्या तेलासारखं दिसतं, काळपट, मळकं. खिडकीशी धरलं तरी मळकंच. त्यात कोलेस्टेरॉलचे बारीक स्फटिक असतात, पण ते चमकायला आरपार तेज दिवा लागतो. साध्या उजेडात, तेही बाकाइतक्या लांबून, कुणालाही काही दिसणार नाही. आणि ओटीतला दुसरा दिवा दिवाळीपासून बंद पडलाय. नवा बल्ब मागून मागून नयना दमली, हे मला तिनेच सांगितलं होतं.

“मग दिवा सिरिंजवर कुणी वळवला?”

“मीच. वळवून मागे आले,” नयना म्हणाली. “सरांनी सांगितलं. हर बार करते हैं.”

“दिवा एकच. तो सिरिंजवर. मग तेवढा वेळ डोक्याच्या आत कोण बघत होतं?”

हेमाच्या हातातला पराठा तसाच राहिला.

“सांडलेलं ओढून घेणारी सक्शनची नळी तुझ्या हातात होती ना, बेटा?”

“जी. लेकिन मैं भी…” तिचा आवाज एकदम लहान झाला. “मैं भी सिरिंज देख रही थी. दिवा परत आला तेव्हा थोडं ओलं दिसलं. आम्ही धुतलं, मैडम. पानी साफ आ रहा था.”

साफ येणारच. सुईच्या भोकातून जे झिरपलं, ते तोवर खाली उतरून, मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांच्या मागे जाऊन बसलं होतं. वरून धुतल्याने तिथलं काय निघणार?

मी जिना उतरून लॅबमध्ये गेले. जिना नेहमी मला कंटाळवाणा वाटतो, त्या दिवशी कळलाच नाही. लताच्या पाठीतलं उरलेलं पाणी फ्रिजमध्ये होतं. तेव्हा आम्ही त्यात पेशी मोजल्या होत्या आणि जंतू शोधले होते. दुसरं काही शोधायचं कारणच नव्हतं. आता ते पुन्हा यंत्रात गरगर फिरवलं, तळाचा गाळ काचेवर घेतला, आणि खालून उजेड तिरपा करून बघत बसले. बराच वेळ काही नाही. मग एका कडेला चपटा, पारदर्शक, एक कोपरा तुटलेला पापुद्रा. शेजारी आणखी एक.

मेंदूच्या पाण्यात कोलेस्टेरॉलचे हे स्फटिक असायचं काहीच कारण नाही. हे गाठीच्या आतलं होतं, आणि ते बाहेर सांडलं होतं.

६

“डॉक्टर निगम, पाच मिनिटं लॅबमध्ये या.”

“सुभद्राजी, मेरा पेशंट मर रहा है.”

“म्हणूनच बोलावतेय.”

निगम वाईट माणूस नव्हे. गरिबाचा पैसा घेत नाही, विद्यार्थी त्याच्यावर जीव टाकतात. पण त्या दिवशी तो चिडलेला होता. मी सांगत गेले तसा त्याचा चेहरा ताठ होत गेला. सासूने सांगितलेला ताप आणि ताठलेली मान, जंतूशिवाय झालेला पू, बाटलीच्या आधी हातातून पडलेला कप.

“नवऱ्याचं काय ऐकता? तो आता काहीही बोलेल. सूज आहे, सुभद्राजी. आणि माफ करा, पर लोग कहेंगे आप अपने लोगों को बचा रही हैं.”

हे येणार हे मला सकाळपासून ठाऊक होतं. तरी लागलं. इतक्या वर्षांनीही लागतं, काय करणार.

“लोग कहेंगे ना? कहने दीजिए. तुम्ही फक्त बघा,” मी म्हटलं आणि मायक्रोस्कोपसमोरून उठले.

तो बसला. डोळा लावला. मी बोलत राहिले, कारण बोलणं थांबवलं असतं तर तो उठून गेला असता.

“ते बाराबंकीचं पोर आठवतंय? हीच गाठ, असाच ताप, आठवड्यात लकवा, आणि गेलं. पोस्टमॉर्टेम मी केलं होतं. सूज नव्हती. तळाच्या रक्तवाहिन्या आक्रसून दोऱ्याएवढ्या झालेल्या, भिंती सुजलेल्या, आणि आजूबाजूला रक्ताची गुठळी नावाला नाही. मी सांगितलं होतं, गाठीचं पाणी वाहिन्यांना झोंबत असेल. तुम्ही हसलात. लताचं तेच झालंय. वाहिन्या आवळल्यात, मेंदूला रक्त पोचत नाही. अशा बाईला पाणी हवं, रक्ताला दाब हवा. आणि आपण तिला सुकवतोय.”

तो काच इकडेतिकडे सरकवत राहिला.

“नवऱ्याने बाटली सोडली ती चूक होती, विचारून सोडायला हवी होती. पण त्या बाटलीने तिचा घात झाला नाही. झालाच तर थोडा आधार झाला असेल. माझं खोटं असेल तर मानेतून रंग सोडून एक्स-रे काढा. वाहिन्या धडधाकट दिसल्या तर मी तुम्हाला हवं ते लिहून देते, सिस्टरविरुद्धसुद्धा. सही ही घ्या.” खरंच, कोरा कागद सही करून मी त्याच्यापुढे टाकला. कमलचं अख्खं घर त्या कागदावर होतं.

निगमने मायक्रोस्कोपवरून डोकं वर केलं. चेहरा उतरलेला.

“दिवा मीच वळवायला लावला,” तो म्हणाला. “मुलांनी बघावं म्हणून. मैंने ही तो सबको दिखाया.”

“सगळेच बघत होते, निगमसाहेब. तेच झालं.”

त्याने माझा कागद फाडला आणि जवळजवळ धावतच वर गेला.

एक्स-रे ओला असतानाच त्याने मला दाखवला. मोठी वाहिनी वर येताना जाडजूड, आणि गाठ होती तिथे पोचल्यावर एकदम बारीक. पाणी ओढणारं औषध बंद झालं. सलाईन सुरू झालं, रक्त सुरू झालं, स्टिरॉइड वाढलं. पण बाईचा मेंदू किती वेळ उपाशी होता ते कुणालाच सांगता येईना. “देर हो गई होगी,” निगम दोनदा म्हणाला. मी त्याला धीर दिला नाही. माझ्यापाशी तो नव्हताच.

७

पोलीस आले नाहीत. रिपोर्टवर डायरेक्टर साहेब तोंड कडू करून बसले, कारण त्यात सिस्टरऐवजी सर्जनचं नाव होतं आणि खाली सर्जनची स्वतःची सही होती. असं काही त्यांनी सर्व्हिसमध्ये पाहिलं नव्हतं.

कमलला ड्यूटी परत मिळाली. पण लताचा हात तसाच होता. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. डोळे फिरायचे, शब्द नाही. चंद्रप्रभाबाई देवीला काय काय कबूल करत होती ते मोजायलाही नको. मी रोज घरी जाताना वॉर्डातून जायची. माझं तिथे काही काम नव्हतं. घरी तरी काय होतं?

चौथ्या दिवशी दुपारीही मी तिथेच होते, कमल बाटली बदलत होती. खाटेच्या पायथ्याशी जयसिंग येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली. आईसमोर, आख्ख्या वॉर्डासमोर तो म्हणाला, “सिस्टर, बाटली मी उघडली होती. तुमच्यावर आळ आला आणि मी गप्प बसलो. माफी मागायला तोंड नाही.”

चंद्रप्रभाबाईचा हात जपमाळेवर थांबला. “जयश्या! काय बोलतोयस तू?”

कमल आवाज न चढवता म्हणाली, “मला मॅडमनी सांगितलंय. एकच विचारते. हात गेलेला बघितलात तेव्हा मला हाक का नाही मारलीत? मी समोरच्या टेबलावर होते. तेव्हाच निगम सरांना उठवलं असतं.”

तो खाली बघत राहिला. “तुम्ही टेबलावर डोकं ठेवून झोपला होतात. आदल्या दुपारपासून उभ्या होतात, मी बघत होतो. मला… दया आली. म्हटलं, झोपू दे बाईला. एवढं मी करतो.”

माझ्या मनात काय आलं ते सांगता येत नाही. रागही गेला आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही.

“झोपलेल्या बाईची दया आली तुम्हाला,” कमल म्हणाली. आता तिचा आवाज कापत होता. “आणि ती जागी झाल्यावर? मेट्रनच्या खोलीत सकाळपासून बसवलं होतं मला. घोटभर पाणी कुणी विचारलं नाही. तेव्हा कुठे गेली होती हो तुमची दया?”

ती वळली, आणि वळता वळता अडली. कशाला तरी तिचा पदर अडकला होता. तिने चिडून खाली पाहिलं.

लताने धरला होता. दोन बोटांत, कसाबसा. उजव्या हाताने.

कमल होती तशीच उभी राहिली. पदर सोडवून घ्यायला तिचा हात उठेना. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तशातच ती जयसिंगवर ओरडली, “बघत काय उभे राहिलात? पळा! आता तरी कुणाला हाक मारा!”